चित्रातल्या बाईचं कपाळ

आई, तू गेलीस तेव्हा माझी लेक पाळण्यात होती, आता तिचीच दोन लेकरं झाली. म्हणजे तू पणजी झालीस. थोरली पोरगी सहा वर्षांची आहे आणि तिच्यामुळंच हे लिहायला बसलेय. मला लिहायचं म्हणजे काय सोपं आहे का? मिशनच्या शाळेत माझी दुसरी झाली आन् तू भावंडांना सांभाळायला मला घरी बसवलंस, तेव्हापासून माझं अक्षर दुसरीतच बसलंय. शुभवर्तमान वाचते, बोट ठेवून वाचते, पण लिहायला घेतलं की वेलांटी कुठल्या बाजूला वळवायची तेच विसरते. असू दे. तुला तेवढंही येत नव्हतं, तू काही चुका काढणार नाहीस. चुका काढणारी दुसरीच आहे, तिचंच तर सांगायचंय.

दौंडला लेकीकडं गेले होते, दुसऱ्या बाळंतपणाला. शिरूरहून येष्टीनं निघालं की निमोणं लागतं. मी दर खेपेला खिडकीतून बघते, आपली वस्ती दिसते का, आपली विहीर दिसते का. आता बाभळी एवढ्या माजल्यात की काही दिसत नाही. शेजारी बसलेल्या बाईला उगाच सांगते, हे आमचं गाव बरं का, आणि ती म्हणते, व्हय का. जावई रेल्वेत फिटर आहेत, इंजिनाच्या शेडमध्ये. दोन खोल्यांचं क्वार्टर. दोरीवर लुगडं वाळत घातलं की धुरानं त्याला काळ्या फुटकुळ्या येतात. पण माणसं चांगली, आणि दुष्काळातला तो रेशनचा तांबडा मिलो आता खावा लागत नाही, चांगली ज्वारी मिळते. मी डिंक, खोबरं, आळीव सगळं बांधून घेऊन गेले. दारात बघते तर कोण? विहीणबाई. आधीच येऊन बसलेल्या. "सलाम विहीणबाई, या या, दमला असाल," असं मलाच म्हणाल्या, जशी काही मी पाहुणी. आता घर त्यांच्या लेकाचं, हक्क त्यांचा, ते मला कळतं. पण बाळंतीण माझी होती ना?

विहीणबाई म्हणजे जावयाची आई. नगरकडं मिशनच्या शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर. चष्म्याला काळी दोरी लावून गळ्यात घालतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, आजा सुद्धा वाचणारा होता म्हणे. बोलतात ते देवळातल्या पाळकाच्या उपदेशासारखं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. त्या बसल्या की पोरगी जाऊन त्यांच्या मांडीवर. त्यांचा चष्मा स्वतःच्या नाकावर लावून बघायची आणि सगळ्यांना म्हणायची, "मी नगरची आजी." मी एकदा भाकरी थापता थापता सहज विचारलं, "नगरच्या आजीला काय काय येतं गं?" तर म्हणते, "सगळं येतं." मग मी म्हटलं, "आन् शिरूरच्या आजीला?" पोरीनं बराच विचार केला, खोटं बोलायची नाही ती, आणि म्हणाली, "तुला भाकरी येते." विहीणबाई आतल्या खोलीत हसल्या. मला ऐकू आलं. माझी ती भाकरी एका बाजूनं करपली.

तू म्हणशील, एवढ्या म्हातारपणी हा कसला मत्सर. पण तूच तर लावून दिलास गं मला तो. तुला आठवतं का, तू मिशनच्या मडमेच्या बंगल्यात भांडी घासायला जायचीस आणि आल्यावर चुलीपुढं बसून मास्तरांच्या पोरीचं कौतुक सांगायचीस. ती स्तोत्र तोंडपाठ म्हणते, ती अशी उभी राहते, ती तशी बोलते. एकदा मडमेनं आम्हा सगळ्या पोरींना ओळीनं उभं करून विचारलं होतं, देव कुठं आहे. मास्तरांची पोर म्हणाली, सगळीकडं. तिला रंगीत कार्ड मिळालं, मेंढराचं. माझी पाळी आली तर मी म्हणाले, निमोण्यात. सगळ्या हसल्या. मडम पण हसली, आणि मला मागं जाऊन बसायला सांगितलं. तू घरी आल्यावर पीठ मळता मळता मला म्हणालीस, "दीडशहाणी! एवढं सोपं इचारलं आन् तुला सांगता येईना? डोस्क्यात भुसा भरलाय." आता मला सांग, माझं काय चुकलं होतं? बाप्तिस्मा घेऊन आपण शिरूरला निघालो, तेव्हा देव्हाऱ्यातले टाक तूच फडक्यात बांधून चुलत्याच्या हवाली केलेस, मी तिथंच उभी होते. देव निमोण्यात ठेवला हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्या पोरीनं सगळीकडं देव कुठं बघितला होता? पण कार्ड तिला. त्या कार्डावरचं मेंढरू मला अजून दिसतं. गुबगुबीत होतं, आपल्याकडच्या मेंढरांसारखं नव्हतंच.

तर सांगत काय होते. दौंडला एक शाळा आहे, बरी शाळा, सगळ्यांना तिथंच पोरं घालायची असतात. यंदा तिथं पुण्याहून एक बाई येणार होत्या, पेटी घेऊन. पेटीत चित्रं आणि लाकडाचे ठोकळे. ते दाखवून लेकराची बुद्धी मोजायची आणि मग घ्यायचं. मी म्हटलं, बुद्धी काय बाजरी आहे का मोजायला? आणि बाजरीचं तरी काय, किलो यायच्या आधी निमोण्याची पायली वेगळी आणि शिरूरच्या बाजारातली वेगळी. व्यापारी त्यांच्या पायलीनं घ्यायचा आणि आपलं पोतं कमी भरायचं, तुझा नेहमीचा तंटा. आता किलो आला, सगळीकडं एक झालं. पण डोक्याला किलो कुठून आणायचा? आपण आपले अर्धवट म्हणतो, दीडशहाणा म्हणतो. अर्धा बघितला, दीड बघितला, पण नेमका एक शहाणा म्हणजे केवढा, ते अजून कुणी मला दाखवलेलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, जगाला काहीतरी माप लागतंच. नसलं तर मग ओळखीवर आणि जातीवर शाळा मिळेल. ते चालेल का?" बरोबरच होतं. त्यांचं बरोबर असतं, तेच तर मला सोसत नाही.

आता खरं तुझ्यापासून काय लपवू. जावई एका संध्याकाळी म्हणाले होते, "न्हाई मिळाली शाळा तर शिरूरलाच ठिवू की पोरीला, आजीजवळ. हितं दोन खोल्यांत तान्हं लेकरू, आन् हिचा दंगा." लेकीनंही मान हलवली. आणि माझ्या मनात, आई, जो काही लाडू फुटला! शिरूरच्या खोलीत ती माझ्याजवळ निजणार, मी तिची वेणी घालणार, तिला हात धरून मिशनच्या शाळेत सोडणार. नगर लांब, नगरची आजी लांब. मी तोंडानं म्हणत होते, "देवाच्या दयेनं मिळेल शाळा," आणि पोटात वेगळंच चाललं होतं.

विहीणबाईंनी पोरीची तयारी चालवली होती. पाटीवर किटली काढायच्या, तिची चोच काढायची नाही, आणि विचारायचं, काय नाही? बैलगाडी काढायची, एक चाक नाही. पोरगी पटापट सांगायची. मला बोलवून दाखवायच्या, "बघा, तुमची नात." तुमची म्हणायच्या, पण तोरा स्वतःचा. मी पोरीला आंघोळ घालायचे, तो एवढा एक वेळ माझा होता. मी खाली वाकले की ती ओलं बोट माझ्या कपाळावर घासायची. "जातच न्हाई आजी." मी म्हणायचे, न्हाई जायचं बाई, गोंदण हाय ते. मग परत घासायची. तू गोंदवून घेतलेलंस तेच हे, निमोण्याच्या अंगणात. गोंदणारीण सुया टोचत होती, तू माझं डोकं गुडघ्यात दाबून धरलं होतंस आणि सांगत होतीस, "रडू नगं. मेल्यावर सोनंनाणं काढून घेत्यात, गोंदण कुनी काढून घेत न्हाई. तेवढंच माज्याकडनं तुला." बाप्तिस्मा त्यानंतरचा. कुंकू पुसता आलं, हे पुसता आलं नाही. तुझं राहिलं, माझं राहिलं. देवळात बाकीच्या बायकांची कपाळं स्वच्छ, म्हणून मी पदर पुढं ओढूनच बसायला शिकले, ती सवय अजून आहे.

त्या दिवशी आम्ही दोघी पोरीला घेऊन गेलो, लेक बाळंतीण आणि जावई कामावर. व्हरांड्यात बाकावर बसलो, मधे तिघी मावतील एवढी जागा सोडून. दार अर्धवट उघडं होतं, आतलं ऐकू येत होतं. बाई तरुण होत्या, आवाज मऊ. बरं चाललं होतं. ठोकळे झाले. मग बाईंनी विचारलं, "पाऊस आला तर भिजू नये म्हणून काय करायचं?" पोरगी म्हणाली, "प्लॅटफॉर्मवर जायचं." विहीणबाईंनी कपाळावर हात मारला, "छत्री गं, छत्री!" हळूच पुटपुटल्या. मला तर हसूच फुटलं. रेल्वेतलं लेकरू ते, त्याला पाऊस आला की प्लॅटफॉर्मच सुचणार. मग चित्रं सुरू झाली. किटली आली, गाडी आली, पोरीनं फटाफट सांगितलं, विहीणबाई माझ्याकडं बघून मान डोलवायला लागल्या. मग बाई म्हणाल्या, "ही बघ, ही बाई. हिचं काय राहिलंय?"

पोरगी म्हणाली, "हिरवं."

"हिरवं काय, बाळ? बांगड्या? बांगड्या आहेत बघ हातात."

"न्हाई. हिरवं. हितं."

"अगं, पण हिरवं म्हणजे काय?"

"जात न्हाई ते," पोरगी म्हणाली, आणि मग तिला रडू यायला लागलं असावं, आवाज तसा झाला.

बाई दाराशी आल्या. आम्ही दोघी उठलो. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं मुलीला काही हिरवं लावतात का कपाळाला? ती हिरवं हिरवं म्हणतेय. उत्तर कुंकू आहे. बाकी मुलं लगेच सांगतात. या शेवटच्या चित्रावरच अडलंय." विहीणबाईंचा चेहरा पडला. सगळं शिकवलं होतं त्यांनी, कुंकू तेवढं राहिलं. कसं सुचणार? त्यांच्या घरात तीन पिढ्या कुणी लावलेलंच नाही. आणि मला, आई, मला ऐकल्याबरोबर कळलं. जी बाई, तिला कपाळावर हिरवं असतं, पोरीच्या लेखी बाई म्हणजे मी. नगरची आजी नाही, चष्मा नाही. मी! मला तिथंच व्हरांड्यात फुगडी घालावीशी वाटली. आणि त्याच वेळी हेही कळलं की मी गप्प बसले तर पोरगी माझीच होते. शिरूरला, माझ्या खोलीत. बाई माझ्याकडं बघत होत्या. माझा पदर भुवयांपर्यंत. मी म्हणाले, "मला काय कळतंय बाई, मी अडानी."

तुला ठाऊक आहे ना तुझी गोष्ट? तू कुंकू पुसलंस त्या आठवड्यात विहिरीवर आपल्याच वस्तीच्या बायांनी तुला विचारलं होतं, "कवा गेला गं धनी?" आणि तू घागर उचलत म्हणाली होतीस, "सकाळीच गेला की मळ्यात, सांजच्याला येईल." वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हे. तुझ्याकडूनच आलंय माझ्यात. पण विहीणबाई मास्तरीण. आयुष्यभर पोरांची सोंगं ओळखलेली बाई. त्या माझ्याकडं वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "विहीणबाई, दौंडहून पेडगाव जवळ आहे, पण आज नका जाऊ." आणि आई, त्यांनी हात पुढं करून माझा पदर मागं सारला! पातेल्यावरचं झाकण काढावं तसा. विहिणीनं विहिणीच्या पदराला हात लावावा, परक्या बाईसमोर! माझे डोळेच भरून आले, रागानं. आणि विहीणबाई त्या पुण्याच्या बाईंना म्हणाल्या, "हे हिरवं."

बाईंनी वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "गोंदण." मग मलाच विचारलं, "खूप दुखलं असेल ना?" या प्रश्नाला मात्र मी विरघळले. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "पण माझ्या कागदावर कुंकू आहे हो. मी काय करू?" तेव्हा विहीणबाईंनी चष्मा काढला आणि स्वतःचं कपाळ पुढं केलं. म्हणाल्या, "माझे यजमान घरी ठणठणीत आहेत, आत्ता वर्तमानपत्र वाचत बसले असतील. माझ्या कपाळावर तुम्हाला काय कमी दिसतं?" बाई म्हणाल्या, "काहीच नाही." "मग आमच्या घरातल्या पोरीनं 'काही कमी नाही' म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. तिनं तर नेमकी जागा दाखवली. तुम्ही डोळे मोजताय की कुंकू मोजताय?" बाईंना हसू आलं, पण त्या विचारातही पडल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पण मग प्रत्येक घराला वेगळं चित्र काढू का मी? मग हुशार कोण, हे ठरवायचं कसं?" विहीणबाई नुसता चष्मा पुसत राहिल्या. तेवढंच मला जरा बरं वाटलं. बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि म्हणाल्या, "जागा बरोबर आहे, मी बरोबर धरते."

शाळा मिळाली, आई. पोरगी बाहेर आली ती धावत सुटली, आणि विहीणबाईंनी हात पसरले होते म्हणून थेट त्यांच्या गळ्यात. "शाब्बास! जागा दाखवलीस गं माझ्या राणी!" मी आपली बाकापाशी, पदर सावरत. कपाळ माझं आणि शाबासकी तिला. घरी येऊन जावयांना सगळं सांगितलं ते पण विहीणबाईंनी, आणि इतकं छान सांगितलं, माझी नक्कल सुद्धा केली, पेडगावची, की लेक बाळंतपणाच्या खाटेवर हसून हसून कळवळली. त्यांनी मला कुठं कमीपणा आणला नाही. उलट म्हणाल्या, "विहीणबाईंच्या कपाळानं शाळा दिली." इतकं चांगलं वागणाऱ्या माणसाचा हेवा करायला किती अवघड जातं, तुला काय सांगू. पण मी करते. तू असतीस तर रोज चुलीपुढं बसून मला त्यांचंच कौतुक ऐकवलं असतंस, बघ ती कशी बोलली, बघ तिनं कसं कपाळ पुढं केलं, हे मला पक्कं माहीत आहे. त्या बोलल्या तसं मला जन्मात बोलता आलं नसतं. मडमेला मला सांगता आलं असतं का, की निमोण्यात म्हणजे काय? मला उत्तर येत होतं, पण ते का बरोबर आहे ते सांगायला माझ्याकडं तेव्हा कुणी विहीणबाई नव्हती.

आणि गंमत म्हणजे पोरीला आता सगळं ठाऊक झालंय. मी निघायच्या दिवशी तिनं पाटीवर बाई काढली. कपाळावर लाल खडूनं ठिपका दिला. मी म्हटलं, "हे गं काय?" म्हणाली, "शाळेतल्या बाईला लालच लागतं." मग शेजारी दुसरी बाई काढली, चष्म्याची, मोकळ्या कपाळाची. मग तिसरी काढायला घेतली तर हिरवा खडूच नव्हता. मी म्हटलं राहू दे गं. पण तिनं पाटी तशीच ठेवली आणि शेजाऱ्यांच्या पोराकडं हिरवा खडू मागायला पळाली. माझ्या येष्टीची वेळ झाली होती, ती परत येईपर्यंत मला थांबता आलं नाही. एवढं मात्र बघितलं की चष्म्याच्या बाईपेक्षा ती तिसरी बाई उंच काढली होती. चांगली उंच. येष्टीत निमोणं कधी गेलं कळलंच नाही मला, हसतच बसले होते.

शिरूरला आल्यावर गल्लीतल्या बाया जमल्या, देवळातल्या बाया जमल्या, सगळ्यांना किस्सा सांगितला. आता हे पत्र कुठं पाठवायचं, तू काही पत्त्यावर नाहीस, पण एक तुझ्यापाशी बोलून टाकते. सगळ्यांना मी असं सांगितलं की बाईंनी विचारल्याबरोबर मी स्वतःच पदर मागं सारला. विहीणबाई माझ्या गोष्टीत फक्त बाकावर बसलेल्या असतात. आणि कागद घेऊन बसले तेव्हा पहिल्यांदा तुलासुद्धा मी तसंच लिहिलं होतं. ते पान चुलीत घातलं आणि हे दुसरं लिहिलं.